नायट्रोजन मिसळलेला टायटॅनियम डायऑक्साइड दृश्य प्रकाशात खरोखर काम करतो का?

पौडफाटा

नमस्कार मंडळी.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचे जे प्रकल्प माझ्याकडे येतात, त्यांत नायट्रोजन-डोप्ड (म्हणजे स्फटिकात थोडा नायट्रोजन मिसळलेल्या) टायटॅनियम डायऑक्साइडवरचा एखादा प्रकल्प हमखास असतो. विषय लोकप्रिय असण्याचे कारण उघड आहे. साहित्य स्वस्त असते, मफल भट्टी बहुतेक महाविद्यालयांत असतेच आणि पद्धतही अवघड नाही. टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड युरियाबरोबर खलात एकजीव करायची, झाकणाच्या क्रुसिबलमध्ये ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवायची आणि थंड झाल्यावर धुऊन वाळवायची. पांढरी पूड फिकट पिवळी होऊन बाहेर येते. ती मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगद्रव्याच्या द्रावणात टाकून हॅलोजन दिवा लावला की निळा रंग उतरत जातो, आणि ‘दृश्य प्रकाशात कार्यक्षम असा प्रकाश-उत्प्रेरक तयार झाला’ (प्रकाश-उत्प्रेरक म्हणजे प्रकाश शोषून अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ) असे वाक्य निष्कर्षाच्या पानावर लिहून विद्यार्थी मोकळे होतात.

या वाक्याविषयी मला अलीकडे शंका येऊ लागली आहे. पूड पिवळी झाली म्हणजे नायट्रोजन स्फटिकाच्या आत गेलाच, असे म्हणता येईल का? आत गेला असेल तर तो नेमके काय करतो? आणि रंग उतरणे हा उत्प्रेरणाचा पुरेसा पुरावा मानावा का? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्या सभासदांनी सविस्तर लिहिल्यास यंदाच्या प्रकल्पाची आखणी मला नव्याने करता येईल.

पाषाणकर

ताई, तुमची शंका रास्त आहे. या विषयावर गेली वीस-पंचवीस वर्षे जो वाद चालू आहे, त्याचे मूळ तुम्ही विचारलेल्या याच प्रश्नांत आहे. निवृत्तीपूर्वी मी याच प्रकारच्या पदार्थांवर काम करत असे, म्हणून थोडे लांबण लावतो. कंटाळा आल्यास परिच्छेद गाळून वाचावे.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज या रूपाचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला ओलांडावे लागणारे ऊर्जेचे अंतर, ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि रुटाइलचा ३.० इलेक्ट्रॉन व्होल्ट धरला जातो. १२४० ला या आकड्याने भागले की नॅनोमीटरमध्ये तरंगलांबी मिळते. म्हणजे अ‍ॅनाटेजमधला इलेक्ट्रॉन संयुजा पट्ट्यातून (बांधलेल्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या) वहन पट्ट्यात (मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या) उचलायचा असेल तर साधारण ३८८ नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड लहरींचा प्रकाश हवा. हा झाला अतिनील प्रकाश, आणि जमिनीपर्यंत पोचणाऱ्या उन्हात त्याचा वाटा ऊर्जेच्या हिशेबाने जेमतेम चार-पाच टक्के असतो. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करून दाखवले, तेव्हापासून हा पदार्थ सगळ्यांना हवाहवासा वाटतो. तो स्वस्त आहे, पाण्यात विरघळत नाही, आम्ल-अल्कलीला दाद देत नाही आणि प्रकाशात स्वतः झिजत नाही. पण उरलेले पंचाण्णव टक्के ऊन त्याला दिसतच नाही, ही त्याची मोठी उणीव आहे.

नायट्रोजनचा प्रयोग या उणिवेवर उतारा म्हणून पुढे आला. अमोनियम क्षारांच्या सान्निध्यात भाजलेली पूड दृश्य प्रकाशाला प्रतिसाद देते, हे जपानमधील सातो यांनी १९८६ सालीच नोंदवले होते, पण त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. २००१ साली टोयोटाच्या मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळेतील असाही आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख ‘सायन्स’मध्ये आला आणि विषयाला भरती आली. नायट्रोजनच्या २पी पातळ्या ऑक्सिजनच्या २पी पातळ्यांत मिसळतात, त्यामुळे संयुजा पट्ट्याचा माथा वर सरकतो आणि बँड गॅप अरुंद होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या नमुन्यांनी ५०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश शोषला आणि त्या प्रकाशात मेथिलीन ब्ल्यू तसेच ॲसिटाल्डिहाइड यांचे विघटनही झाले.

मात्र पट्टा खरोखर वर सरकला असेल, तर अतिनील प्रकाशाने तयार झालेला होल (इलेक्ट्रॉन वर गेल्यावर खाली उरणारी धनभारित जागा) आणि दृश्य प्रकाशाने तयार झालेला होल अखेर एकाच माथ्यावर येऊन थांबले पाहिजेत आणि दोघांची कार्यक्षमता सारखीच भरली पाहिजे. टोकियो विद्यापीठातील इरिए, वातानाबे आणि हाशिमोतो यांनी २००३ साली नेमके हेच तपासले. वायुरूप २-प्रोपॅनॉलच्या विघटनाची क्वांटम कार्यक्षमता (शोषलेल्या फोटॉनांपैकी कामी आलेल्यांचे प्रमाण) दृश्य प्रकाशात अतिनीलपेक्षा कमी निघाली, आणि नायट्रोजनचे प्रमाण वाढवत नेले तसतशी ती घटत गेली. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की पट्टा जागच्या जागीच आहे आणि त्याच्या किंचित वर नायट्रोजनच्या वेगळ्या, सुट्या पातळ्या तयार झाल्या आहेत. जिन्याची उंची तेवढीच ठेवून मधे एक फळी ठोकावी, तसा हा प्रकार आहे. फळीवरून वर चढणे सोपे जाते, पण फळीवर उभा असलेला माणूस तळमजल्यावरची कामे करू शकत नाही.

ही उपमा इथेच सोडतो, कारण पुढचा भाग आकड्यांनीच नीट कळतो. दि व्हॅलेंतिन, पाकियोनी आणि सेलोनी यांच्या गणितानुसार नायट्रोजनने ऑक्सिजनची जागा घेतली असेल तर त्याची पातळी संयुजा पट्ट्याच्या सुमारे ०.१४ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर असते, आणि तो अणूंच्या मधल्या पोकळीत ऑक्सिजनला चिकटून बसला असेल तर सुमारे ०.७३ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर असते. ३.२ मधून ही अंतरे वजा करून पाहा. पहिल्या प्रकारात शोषणाची सीमा ४०५ नॅनोमीटरच्या आसपास येते, म्हणजे नावापुरतीच सरकते. दुसऱ्या प्रकारात ती ५०० नॅनोमीटरला पोचते. पुडीचा पिवळेपणा बराचसा या दुसऱ्या जातीच्या नायट्रोजनमुळे येतो आणि त्याचा होल सर्वांत दुबळा असतो, कारण पातळी जितकी वर तितकी ऑक्सिडीकरणाची ताकद कमी. दृश्य प्रकाशाची किंमत ही अशी मोजावी लागते, आणि ती टाळण्याचा मार्ग नुसत्या नायट्रोजनमध्ये तरी नाही.

याशिवाय एक आनुषंगिक दोष आहे. ऑक्सिजनच्या आयनावर दोन ऋणभार असतात आणि नायट्रोजनवर तीन. हा हिशेब जुळवण्यासाठी दर दोन नायट्रोजनमागे स्फटिक एक ऑक्सिजन गमावतो आणि तिथे रिक्त जागा तयार होते. अशा जागांपाशी इलेक्ट्रॉन अडकतो, होल त्याला येऊन मिळतो आणि दोघेही उष्णता होऊन संपतात. भरपूर नायट्रोजन घातला की पूड गडद दिसते, विद्यार्थी खूश होतात, पण उत्प्रेरक म्हणून ती बहुधा मंदावलेली असते. सर्पोन यांनी तर २००६ साली असे मत मांडले की अशा पुडींचा रंग बँड गॅप अरुंद झाल्याचा नसून रिक्त जागांच्या रंगकेंद्रांचाच आहे. मला स्वतःला हे मत थोडे टोकाचे वाटते, परंतु ते खोडून काढल्याशिवाय टॉक आलेखावरून (शोषणाच्या मोजमापातून बँड गॅप काढण्याच्या आलेखावरून) ‘बँड गॅप २.६ झाला’ असे लिहिणे धाडसाचे आहे. शोषणाच्या मुख्य कड्याला ४०० ते ५०० नॅनोमीटरमध्ये जो खांदा फुटलेला असतो, त्याला स्पर्शिका लावून आलेला आकडा म्हणजे बँड गॅप नव्हे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर, म्हणजे मेथिलीन ब्ल्यूवर, उद्या लिहितो.

वाचनवेडी

पाषाणकर काका, माझा रसायनशास्त्राशी संबंध बारावीनंतर सुटला, तरीही आपला लेख बराचसा समजला. एक बाळबोध प्रश्न विचारते. घराच्या भिंतींच्या रंगातही टायटॅनियम डायऑक्साइडच असतो ना? मग आमच्या भिंती उन्हात हवा शुद्ध करत असतात का?

पाषाणकर

ताई, प्रश्न बाळबोध मुळीच नाही. रंगातला टायटॅनियम डायऑक्साइड बहुतेक वेळा रुटाइल असतो आणि रंग बनवणारे त्याच्या कणांवर ॲल्युमिना किंवा सिलिका यांचे पातळ कवच मुद्दाम चढवतात. हे कवच नसेल तर पूड उन्हात रंगातल्याच चिकट द्रव्याचे ऑक्सिडीकरण करते आणि भिंतीला हात लावला की पांढरी भुकटी बोटांना लागते. म्हणजे आपण ज्याला गुण म्हणून वाढवू पाहतो, तोच गुण रंगवाल्यांनी दोष म्हणून दाबून टाकलेला असतो. जाता जाता सांगतो, या धातूचे खनिज आपल्याला परके नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे.

आता पौडफाटाताईंचा मेथिलीन ब्ल्यूचा प्रश्न. या रंगाचे शोषण ६६४ नॅनोमीटरला सर्वाधिक असते, म्हणजे तो स्वतःच दृश्य प्रकाश भरपूर शोषतो. प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रंगाचा रेणू आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडच्या वहन पट्ट्यात देऊन टाकतो. तो इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जातो आणि इलेक्ट्रॉन गमावलेला रेणू हळूहळू मोडतो. या साखळीत टायटॅनियम डायऑक्साइडने प्रकाश शोषलेलाच नाही; त्याने फक्त इलेक्ट्रॉन पुढे पोचवला. त्यामुळे तुमच्या हॅलोजन दिव्याखाली नायट्रोजन नसलेली पांढरी पूडसुद्धा निळा रंग उतरवून दाखवील, आणि विद्यार्थ्यांनी ती तुलना केलीच नसेल तर त्यांच्या निष्कर्षाला आधार राहत नाही.

रंग उतरण्याची आणखी दोन कारणे संभवतात. द्रावणात ऑक्सिजन कमी पडला तर मेथिलीन ब्ल्यूचे क्षपण होऊन त्याचे रंगहीन ल्युको रूप तयार होते. चंचुपात्रात हवा बुडबुडवली की निळा रंग परत येतो. दुसरे म्हणजे नुसते अधिशोषण, म्हणजे रंग न मोडता पुडीच्या पृष्ठभागाला चिकटणे. युरियाबरोबर भाजलेल्या पुडीचे पृष्ठफळ आणि पृष्ठभार दोन्ही बदललेले असतात, त्यामुळे ती काळोखातही मूळ पुडीपेक्षा जास्त रंग ओढून घेऊ शकते. काळोखात अर्धा तास ढवळून समतोल साधणे ही रीत सगळ्यांना पाठ असते, पण अर्ध्या तासात समतोल साधला की नाही हे लागोपाठच्या नमुन्यांचे शोषण मोजून पाहणारे विद्यार्थी मला क्वचितच भेटले.

उपद्व्यापी

पाषाणकर सरांचे लेखन वाचनीय आहे, परंतु एक आक्षेप नोंदवतो. ज्या २००१ सालच्या लेखामुळे हा विषय उभा राहिला, त्यात मेथिलीन ब्ल्यूच वापरलेला होता. मेथिलीन ब्ल्यूची आंतरराष्ट्रीय मानक चाचणीही उपलब्ध आहे, आयएसओ १०६७८ या क्रमांकाची. जगाने मान्य केलेली पद्धत आपल्या एम.एस्सी.च्या मुलांनी वापरली तर त्यांचे काय चुकले? साध्या प्रयोगशाळेत जे उपकरण आहे, त्यावरच काम करावे लागते.

पाषाणकर

उपद्व्यापी, आक्षेप चांगला आहे, म्हणून नीट उत्तर देतो. आपण उल्लेख केलेले मानक अतिनील प्रकाशासाठी आहे. तिथे प्रकाश मुख्यतः उत्प्रेरक शोषतो आणि रंगद्रव्य केवळ खूण म्हणून काम करते. तीच चाचणी उचलून दृश्य प्रकाशात नेली की खूणच मुख्य पात्र होऊन बसते. २००१ च्या लेखात रंगाबरोबर ॲसिटाल्डिहाइडही होते आणि त्यापासून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजलेला होता, हे विसरू नये. ॲसिटाल्डिहाइड दृश्य प्रकाश शोषत नाही, त्यामुळे पुराव्याचा भार तिथे आहे.

साध्या प्रयोगशाळेत करता येईल असा उपायही आहे. मेथिलीन ब्ल्यू ६६४ च्या आसपास जितका गडद आहे तितकाच ४५० नॅनोमीटरपाशी तो जवळजवळ पारदर्शक आहे. नायट्रोजनच्या पातळ्या मात्र नेमक्या ४०० ते ५०० मध्येच शोषण करतात. म्हणून हॅलोजन दिवा बाजूला ठेवून ४५० नॅनोमीटरच्या निळ्या एलईडीची पट्टी वापरावी. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत ती सहज मिळते. हॅलोजनबरोबर येणारी उष्णता आणि थोडासा अतिनील प्रकाश, या दोन्ही कटकटी त्यामुळे टळतात. हॅलोजनच वापरायचा असेल तर पात्राभोवतीच्या जाकिटात सोडियम नायट्राइटचे एक मोलर द्रावण ठेवावे, ते ४०० नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवते. नायट्राइट विषारी आहे, म्हणून जाकिटाची गळती आधी पाहून घ्यावी.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर केवळ ६६४ ला आकडा न घेता संपूर्ण वर्णपट घ्यावा, ही विनंती. शिखर नुसते बुटके होत असेल तर एक गोष्ट. पण बुटके होता होता ते ६५० कडे आणि त्याहूनही डावीकडे सरकत असेल, तर रेणूचे वलय शाबूत असून त्याचे मेथिल गट एकेक करून गळत आहेत असे समजावे. असा सरकलेला आलेख मी अनेक प्रबंधांच्या परिशिष्टात पाहिला आहे, आणि मजकुरात त्याचा उल्लेखही नसतो.

पौडफाटा

सर, मनापासून आभार. मग मेथिलीन ब्ल्यू सोडून फिनॉलसारखा रंगहीन पदार्थ घेतला तर प्रश्न मिटतो का? फिनॉलचे मापन आम्हाला ४-अमिनोअँटिपायरिनने करता येते.

पाषाणकर

बराचसा मिटतो, पूर्ण मिटत नाही. फिनॉल आणि क्लोरोफिनॉल टायटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागाशी बंध जोडून एक संकुल तयार करतात आणि ते संकुल थोडा दृश्य प्रकाश शोषते. ४-क्लोरोफिनॉलचे विघटन नायट्रोजन नसलेल्या शुद्ध पुडीवरही दृश्य प्रकाशात होते, हे प्रसिद्ध झालेले आहे. तेव्हा पदार्थ कोणताही घ्या, त्याच दिव्याखाली त्याच वजनाची पांढरी पूड हवीच. ती पांढरी पूडही युरियाविना, परंतु तितक्याच तापमानाला तितकाच वेळ भाजलेली असावी. बाटलीतून थेट काढलेली नव्हे.

फिनॉलच्या जोडीला फॉर्मिक आम्लाचे क्षार घेऊन पाहावेत असे सुचवतो. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या गटाने २००४ साली दाखवले की नायट्रोजनयुक्त पूड दृश्य प्रकाशात फॉर्मेटचे ऑक्सिडीकरण करू शकत नाही, जे अतिनील प्रकाशात ती सहज करते. दुबळ्या होलची ही चांगली परीक्षा आहे. आपल्या पुडीने फिनॉल मोडले आणि फॉर्मेट तसेच राहिले, तर ते काम होलने थेट केलेले नसून इलेक्ट्रॉनने ऑक्सिजनपासून बनवलेल्या सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाटेने झाले असावे, असे म्हणण्यास जागा मिळते.

युरियाविषयीही एक गोष्ट राहिली होती. युरिया तापवल्यावर केवळ अमोनिया निघून जातो असे नाही. टायटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर त्याचे मेलेम हे संयुग आणि त्यापासून बनणाऱ्या ट्रायझिनच्या (कार्बन-नायट्रोजनच्या) वलयांचे पिवळे बहुवारिक तयार होऊ शकते. मितोराज आणि किश यांनी २००८ साली हे दाखवून दिले, त्यामुळे युरियाची पिवळी पूड म्हणजे नायट्रोजन-डोप्ड टायटॅनियम डायऑक्साइड हे समीकरण मोडले. पूड पिवळी आहे, दृश्य प्रकाशात कामही करते, पण नायट्रोजन स्फटिकात नसून वर चढलेल्या सेंद्रिय थरात आहे, अशी शक्यता तुमच्या क्रुसिबलमध्ये नक्कीच आहे. झाकण घट्ट असेल आणि तापमान ४०० च्या आसपास असेल तर ती अधिकच. अवरक्त वर्णपटात १२०० ते १६५० सेंमी⁻¹ या पट्ट्यात शिखरांची गर्दी दिसली तर सावध व्हावे.

खात्री हवी असेल तर एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरचे अणू आणि त्यांचे बंध ओळखण्याची चाचणी) करावे लागेल. तिथे नायट्रोजनचे १एस शिखर कुठे येते ते पाहतात. टायटॅनियमशी थेट जोडलेला नायट्रोजन ३९६ इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी, ट्रायझिनच्या वलयातला ३९९ च्या जरा अलीकडे आणि ऑक्सिजनला चिकटलेला किंवा पृष्ठभागावर नुसता बसलेला ४०० च्या आसपास. शेवटच्या गटात अनेक जाती एकमेकींवर पडतात, म्हणून केवळ ४०० च्या शिखरावरून ‘डोपिंग सिद्ध झाले’ असे लिहू नये. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हे उपकरण आहे. महाविद्यालयाच्या पत्रावर नमुने पाठवण्याची चौकशी करावी.

भोसरी_एमआयडीसी

चर्चा फारच विद्वत्तेची चालली आहे, म्हणून एक व्यवहारातला मुद्दा मांडतो. माझा व्यवसाय सांडपाणी प्रक्रियेच्या यंत्रणा बसवण्याचा आहे. आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की आमच्या ग्राहकांपैकी कुणीतरी प्रकाश-उत्प्रेरकाची कात्रणे पाठवतो आणि ही पूड टाकून उन्हातच नदी स्वच्छ का करत नाही, असे विचारतो. नायट्रोजन घातल्यामुळे सगळेच ऊन वापरता येत असेल, तर मुळा-मुठेसाठी हे शक्य का नसावे? आकडे सांगितलेत तर ग्राहकांना उत्तर देणे मला सोपे जाईल.

पाषाणकर

आकड्यांतच सांगतो, हिशेब ढोबळ आहे, पण दशपटीची चूक त्यात नाही.

पुण्याच्या कडक उन्हात एका चौरस मीटरवर अतिनील प्रकाश सुमारे ४० वॅट पडतो असे धरा. ३६० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा घेऊन भागाकार केला तर तासाला साधारण ०.४३ मोल फोटॉन येतात. पाण्यात मिसळलेल्या पुडीची प्रत्यक्षातली कार्यक्षमता एक टक्का धरू, म्हणजे तासाला सव्वाचार मिलीमोल इलेक्ट्रॉन कामी आले. आता घरगुती सांडपाण्याचा सीओडी (त्यातल्या घाणीच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) लिटरला २५० मिलिग्रॅम धरला तर एका लिटरला ७.८ मिलीमोल ऑक्सिजन, म्हणजे ३१ मिलीमोल इलेक्ट्रॉनांची देवघेव लागते. भागाकार केला तर एका चौरस मीटर उन्हात एक लिटर सांडपाणी निवळायला सात तास लागतात. विरघळलेल्या ऑक्सिजनच्या साखळी अभिक्रियांनी काही मदत केली तरी फार तर दोन-तीनपट फरक पडेल. तुम्ही बसवता त्या टाकीतले जीवाणू हेच काम अंधारात आणि याच्या कित्येक पट वेगाने करतात.

नायट्रोजनची भर किती पडते तेही पाहू. ४०० ते ५०० नॅनोमीटरमध्ये एका चौरस मीटरवर सव्वाशे ते दीडशे वॅट पडतात, म्हणजे फोटॉनांच्या संख्येत अतिनीलच्या चौपटीहून थोडे अधिक. पिवळ्या पुडीने त्यांतले अर्धे शोषले आणि दृश्य प्रकाशातली कार्यक्षमता अतिनीलच्या एक-दशांश धरली, तर एकूण कामात जेमतेम वीस टक्क्यांची वाढ होते. सात तासांचे सहाच्या आत येतात, एवढाच फरक. शिवाय डोपिंगमुळे अतिनीलमधली कार्यक्षमता घटली असेल तर ही वाढही हातची जाते. इतके करून पाणी गढूळ असेल तर प्रकाश वरच्या थरातच संपतो, आणि वापरलेली नॅनोपूड पाण्यातून परत गाळून काढणे हे वेगळेच काम होऊन बसते. तिला नदीत सोडून देणे हा उपाय नव्हे, नवे प्रदूषण आहे.

जैविक प्रक्रिया आणि गाळणी झाल्यावर पाण्यात जे लेशमात्र उरते, म्हणजे औषधांचे अवशेष, काही कीटकनाशके, असे पदार्थ जिथे जीवाणूंना पचत नाहीत, तिथे प्रकाश-उत्प्रेरक शोभतो. तोही काचेवर किंवा सिरॅमिकवर बसवलेल्या थराच्या रूपात. फेसाचे कारण सांडपाण्यातले फेसकारक पदार्थ आहेत आणि ते नदीत पोचण्यापूर्वीच अडवावे लागतात.

उपद्व्यापी

मग या पदार्थाला उपयोगच नाही असे म्हणायचे का? इतक्या शोधनिबंधांचे काय करायचे?

पाषाणकर

उपयोग आहे, पण जागा वेगळी आहे. उन्हात साधी पूडही काम करते, त्यामुळे तिथे नायट्रोजनची मातब्बरी नाही. घरातल्या पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात अतिनील जवळजवळ शून्य असते आणि ४५० नॅनोमीटरला मोठे शिखर असते. तिथे साधी पूड निष्क्रिय राहते आणि पिवळी पूड थोडे का होईना काम करते. खोलीतल्या हवेतले ॲसिटाल्डिहाइड किंवा फॉर्माल्डिहाइड अत्यंत विरळ असते, त्यामुळे मंद गतीही तिथे चालून जाते. जपानी संशोधकांनी पुढे याच घरातल्या उपयोगासाठी नायट्रोजनच्या पलीकडे जाऊन टायटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर तांबे किंवा लोहाचे सूक्ष्म पुंजके बसवण्याचा मार्ग धरला, ज्यात होल संयुजा पट्ट्यातच तयार होतो आणि त्याची ताकद टिकते. माझ्या मते तो विचार अधिक पक्का आहे. नायट्रोजनबरोबर नायोबियमसारखा अधिक भाराचा धातू घालून रिक्त जागा टाळण्याचे प्रयत्नही झाले आहेत. त्यांत प्रमाण साधणे फार नाजूक असते.

शोधनिबंधांविषयी एवढेच म्हणेन की ज्यांत पांढऱ्या पुडीची तुलना, दिव्याचा वर्णपट आणि रंगहीन पदार्थ या गोष्टी आहेत, ते आजही वाचण्यासारखे आहेत. त्यांची संख्या कमी आहे.

पौडफाटा

सर्वांच्या प्रतिसादांवरून यंदाची आखणी अशी करत आहे. एकाच पुडीचे दोन भाग करून दोन्ही ४५० अंशांना भाजायचे, एक युरियासह आणि एक युरियाविना. तिसरा नमुना म्हणून युरियाऐवजी अमोनियाच्या प्रवाहात भाजलेली पूड घेण्याचा विचार आहे, म्हणजे ट्रायझिनचा प्रश्न आपोआप वेगळा काढता येईल. त्यासाठी नळीची भट्टी आणि धूर-कपाट आमच्या विभागात आहे. दिवा निळ्या एलईडीचा, पदार्थ फिनॉल आणि सोडियम फॉर्मेट, आणि मेथिलीन ब्ल्यू केवळ तुलनेपुरता, निळ्या दिव्याखाली आणि हॅलोजनखाली, म्हणजे दोन्हींतला फरक विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. फॉर्मेटचे मापन परमँगनेटने अल्कधर्मी द्रावणात करू. एक शंका उरते: आमच्या सेंट्रिफ्यूजने बारीक पूड पूर्ण खाली बसत नाही आणि वर्णपटाची पायरेषा उचललेली राहते. नमुना गाळून घ्यावा का?

पाषाणकर

आखणी उत्तम आहे. अमोनियासाठी मात्र ४५० अंश कमी पडतील, ५५० ते ६०० पर्यंत जावे लागेल. म्हणून तिसऱ्या नमुन्याच्या जोडीला त्याच तापमानाला हवेत भाजलेली वेगळी पांढरी पूड ठेवावी, नाहीतर स्फटिकांच्या आकारातला फरक नायट्रोजनच्या नावावर जमा होईल. पायरेषा उचललेली असते ती विखुरणाऱ्या कणांमुळे, ०.२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरने ती बरीच खाली येईल. मेथिलीन ब्ल्यू काही पटलांना चिकटतो, म्हणून आधी पूड न घातलेले द्रावण त्याच फिल्टरमधून काढून गाळण्यापूर्वीचे आणि नंतरचे शोषण ताडून पाहावे, आणि प्रत्येक नमुन्याचे पहिले एक-दोन मिलिलिटर टाकून द्यावेत.